थोडक्यातली थेरं

कानावर आलंय ते खोटं ठरो, पण देवगाव फाट्यावर माणसांनी बोलणं टाकलंय म्हणे! म्हणजे तोंडं चालू आहेत. चहा, भजी, तंबाखू सगळं यथास्थित चालू आहे. बंद पडलंय ते वाक्य. कर्ता, कर्म आणि क्रियापद असे तिघं एका बाकावर बसलेले शेवटचे कधी दिसले, हे कुणालाच आठवत नाही. 'हं', 'बघू', 'ओके', 'निघालो', आणि एवढेही कष्ट नकोत म्हणून मोबाइलवर नुसता अंगठा. सेलू तालुक्यातला हा फाटा. एक रस्ता मंठ्याकडून येतो, एक जिंतूरकडं जातो, एक सेलूकडं वळतो. तिन्हीकडच्या बातम्या इथं आपसूक येऊन पडतात. अशा मोक्याच्या ठिकाणी लोक एका अक्षरात बोलायला लागले, तर चर्चा करणाऱ्यांनी जगायचं कसं?

जिल्हा मूळचाच थोडक्यात बोलणारा, हे मान्य. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' एवढ्यात परभणीकराचा सगळा अभिमान येतो आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' एवढ्यात सगळी चेष्टाही उरकते. जर्मनी कशावरून, हे विचारायची सोय नाही. विचारणारा बाहेरचा ठरतो. पण ते जुनं झालं. सध्याचा प्रकार निराळा आहे आणि त्यात एक सोयरीक अडकली होती, म्हणून तर एवढं पोटतिडकीनं सांगतोय.

गोष्ट अशी सांगतात. (नावं विचारू नका, दोन्हीकडचे पाहुणे याच फाट्यावरून एसटी धरतात.) मुलगी पाहून झाली. पोहे झाले, चहा झाला, 'काही विचारायचं असलं तर विचारा' झालं. मुलाकडचे गेले. वाट पाहून पाहून मुलीच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. निरोप कसला, अर्जच तो! 'स. न. वि. वि. आपण सर्व मंडळी घरी आलात, फार आनंद वाटला. पाहुणचारात काही उणं राहिलं असल्यास सांभाळून घ्यावं. मुलीविषयी आपला जो काही विचार झाला असेल तो कळवावा, म्हणजे आम्हालाही पुढचं बघता येईल.' दुपारी टाकला. संध्याकाळी दोन निळ्या खुणा उमटल्या. रात्री जेवणं झाल्यावर उत्तर आलं.

अंगठा. पिवळा, उभा, एकटा.

झालं! घरात झोप कुणाला? मुलीच्या काकांचं मत पडलं, पसंत आहे. मामांचं मत, 'वाचलं' एवढंच म्हणायचंय. कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर बसणाऱ्या एका जाणत्यानं सांगितलं की होकार आहे, पण देण्याघेण्याचं याद्यांच्या वेळी बोलू, असा त्यातला भाव. एका चुलतीनं हळूच सुचवलं की रंग पिवळा आहे, तेव्हा हा हळदीचाच इशारा. तिला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. निवृत्त गुरुजी मात्र गंभीर झाले. म्हणाले, "होकार असला की माणूस फोन करतो, नकार असला की पत्रिका आडवी येते. हा तिसराच प्रकार निघाला. आमच्या अभ्यासक्रमात नव्हता."

गुरुजींच्या म्हणण्यात तथ्य आहे. सोयरिकीतले जुने शब्दही थोडकेच होते. 'कळवतो' म्हणजे नाही. 'पत्रिका दाखवतो' म्हणजे नाही. 'मुलगा अजून दोन वर्षं थांबू म्हणतोय' म्हणजे तर नाहीच नाही. पण त्या शब्दांचा भाव मंठ्यापासून गंगाखेडपर्यंत एकच होता. ऐकणारा लगेच दुसऱ्या स्थळाच्या तयारीला लागे, मनात अढी न ठेवता. अंगठ्याचा भाव अजून कुठल्याच गावात फुटलेला नाही.

शेवटी मुलीच्या आजीनंच मुलाच्या आजीला फोन लावला म्हणे. म्हाताऱ्यांनी आधी गुडघ्यांचं बोलून घेतलं, मग पावसाचं, मग विषयाला हात घातला. तेव्हा उलगडा झाला. मोबाइल नातवाच्या हातात होता आणि निरोप घरात मोठ्यांपैकी कुणी वाचलेलाच नव्हता! आता सुपारी फुटली आहे, सगळं गोड झालं आहे. पण तेवढे दिवस दोन गावं अंगठा चोखत बसली, त्याचं काय? आणि ज्या आज्यांनी प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊन अंगठा सोडला आणि सही धरली, त्यांचीच इंजिनिअर नातवंडं पुन्हा अंगठ्यावर आली, याला काय म्हणावं?

हे ऐकून जुनी मंडळी खवळली नसती तरच नवल. "आमच्या वेळी पत्रं कशी असायची!" वगैरे सुरू झालं. पण थांबा. नाकानं कांदे सोलणाऱ्यांच्या घरातही डोकावून येऊ.

त्यांच्या घरची लग्नपत्रिका काढा. वर कुलदैवतं, ग्रामदैवतं, मधे चि. आणि चि. सौ. कां., त्यांच्या पदव्या कंसात, मग 'यांचे नातू', 'यांचे पुतणे', 'यांचे ज्येष्ठ चिरंजीव'. मग निमंत्रक, विनीत, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक. प्रमुख उपस्थितीत आजी-माजी सगळे, कारण एक घातला की दुसरा रुसतो. एका कोपऱ्यात 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी किलबिल, त्यातल्या दोघांना अजून दातही आलेले नसतात. एवढं सगळं वाचून झाल्यावर माणूस विचारतो, लग्न कुठंय? ते घडीत गेलेलं असतं. मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि त्या वेळी परण्या अजून मारुतीपाशीच नाचत असतो. म्हणजे एवढ्या मजकुरात कामाच्या गोष्टी दोनच, त्यातली एक सापडत नाही आणि दुसरी खरी नसते.

आणि फाट्यावरचे फ्लेक्स? दादांचा वाढदिवस असला की एक मोठा चेहरा आणि त्याखाली चाळीस लहान. दादा गॉगल लावून फोनवर बोलतायत, शुभेच्छुक हात जोडून बघतायत. कार्यक्रमाला गेलात तर 'मी आपला जास्त वेळ घेणार नाही, दोनच शब्द बोलतो' असं म्हणून माइक हातात घेतलेला माणूस मांडववाल्यानं खुर्च्या रचायला घेतल्याशिवाय खाली बसत नाही. नमनाला घडाभर तेल हे ऐकलं होतं. इथं नाटक सुरू व्हायच्या आत घाणा रिकामा!

खरी खमंग गोष्ट पुढं आहे. ज्या हातांनी चाळीस चेहऱ्यांचा फ्लेक्स लावला, त्याच हातांनी गल्लीतला म्हातारा गेल्यावर गटात काय टाकलं? 'आरआयपी'. तीन इंग्रजी अक्षरं. त्याच्याखाली आणखी सत्तर जणांनी तीच तीन अक्षरं टाकली आणि मधेच एकानं चुकून केक कापतानाचा फोटो टाकला. म्हाताऱ्यानं ज्यांना विहिरीत पोहायला शिकवलं, त्यांनासुद्धा त्याच्याविषयी दोन ओळी सुचू नयेत? आमचा आक्षेप आखूडपणावर नाहीच. जिथं एक शब्द पुरतो तिथं आम्ही मांडव घालतो आणि जिथं चार वाक्यं देणं लागतो तिथं हात आखडता घेतो, हे वाईट आहे.

याचं मूळ शोधायला गेलो तर थेट पैशापाशी पोचतो. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे; पत्त्यातले शब्दसुद्धा मोजले जात. पोस्टाच्या खिडकीपाशी उभं राहून माणसं शब्द खोडायची. 'प्रकृती' राहायची, 'आईची' जायची. आई सोडून कुणाची तार येणार? सणासमारंभाच्या ठरीव शुभेच्छांना तर क्रमांकच दिलेले होते. इकडं आकडा लिहायचा, तिकडं पूर्ण वाक्य उतरायचं. जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली. तोवर मोबाइलचा एसएमएस आला होता. त्याला रोमन अक्षरांत एकशे साठ खुणांची मर्यादा, पण देवनागरीत लिहिलं की फक्त सत्तर. काना, मात्रा, वेलांटी सगळं त्या सत्तरात मोजलं जाणार! मराठी माणसानं हिशेब केला आणि 'काय करतोस' इंग्रजी अक्षरांत लिहायला लागला. भाषाप्रेमींनी त्याला फितूर ठरवलं. बिचारा पैसे वाचवत होता.

त्याहून कडी म्हणजे मिस कॉल. या फाट्यानं त्या काळात एक अख्खी भाषा चालवली, आणि तीही फुकट. एक रिंग म्हणजे सेलूहून निघालो. दोन रिंगा म्हणजे फाट्यावर उतरलो, गाडी घेऊन ये. चुकून पलीकडच्यानं उचललाच, तर पहिलं वाक्य हे असायचं: "उचलला काहून रे? रुपया गेला की!" अण्णा हजारेंच्या २०११च्या आंदोलनात तर लोकांनी पाठिंबाही मिस कॉल देऊनच नोंदवला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं फुकट झालं आणि गड्यांच्या जिभेचा लगाम सुटला. सकाळी सुप्रभात, त्यावर सुविचार, त्यावर 'शेवटपर्यंत वाचा, डोळ्यांत पाणी येईल', त्यावर कुणाची तरी शेळी हरवल्याचा निरोप. दिवसाला दोनशे निरोप आल्यावर माणूस वाचणार किती आणि उत्तर देणार किती? मग एक दिवस त्यानं अंगठा दाखवला. तेव्हा अंगठ्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की हा अंगठा त्यांच्याच सुप्रभातातून उगवलाय.

म्हणजे थोडक्यात बोलणं वाईट का? अहो, थोरामोठ्यांच्या घरातली उदाहरणं आहेत. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे व्हायचं ते झालं. नानासाहेब पेशवे उत्तरेकडं निघालेले असताना वाटेत एका सावकाराचं पत्र त्यांच्या हाती पडलं. त्यात ना लढाईचं नाव, ना हार, ना कुणाचं प्रेत. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याच्या खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा अर्थाचा व्यापारी हिशेब. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे उरलेली फौज. पेशव्यांना एका वाचनात कळलं, आणि वाटेत कुणी पत्र फोडलं असतं तर त्याला सावकाराचं दिवाळं निघालंय एवढंच वाटलं असतं. लिहिणाऱ्यानं लेखणी उचलण्याआधी वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे, याचा पूर्ण विचार केला होता. अंगठ्यात तोच विचार राहून गेला. शब्द वाचले पाठवणाऱ्याचे, आणि अर्थ लावायची हमाली मुलीच्या मामांनी केली!

आणखी जुनं प्रकरण हवंय? चांगदेवांचं घ्या. योगी एवढा मोठा, वय चौदाशे वर्षं सांगतात, आणि अडला कशावर? मायन्यावर! ज्ञानदेवांना 'चिरंजीव' लिहावं तर ते ज्ञानानं मोठे, 'तीर्थरूप' लिहावं तर वयानं लहान. शेवटी कोरा कागदच पाठवून दिला. मुक्ताबाईनं तो पाहून, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला, असा टोला हाणल्याची कथा आहे. आमच्या मते तेराव्या शतकातली ती निळी खूणच. पण ज्ञानदेवांनी त्याला अंगठा पाठवला नाही; पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच 'चांगदेव पासष्टी'. आणि हे तेच ज्ञानदेव, ज्यांनी गीतेवर लिहिताना नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ केला. तिथं श्रोते सगळ्या थरांतले समोर बसलेले, विषय अठरा अध्यायांचा. नऊ हजार लागल्या. इथं वाचणारा एकटा, योगमार्गात मुरलेला, पासष्ट पुरल्या. मोजमाप कागदाचं नाही, समोरच्या माणसाचं.

आता सध्याच्या सगळ्यात फॅशनेबल थेराकडं वळू: अलक. अति लघु कथा. कथा सांगायची, पण दोन-तीन ओळींत. गटागटांत अलक, अलकांच्या स्पर्धा, सकाळी उठून सासूबाईंनी सुनेवर लिहिलेला अलक आणि दुपारी सुनेनं वेगळ्या गटात दिलेलं उत्तर. नव्वदच्या दशकात चंद्रशेखर गोखल्यांच्या 'मी माझा'नंतर कॉलेजच्या वह्यावह्यांत चारोळ्या उगवल्या होत्या, तशीच ही लाट. आता चारोळ्यांची पिढी सासरे झाली आणि कथेकडं वळली, एवढंच.

एक नमुना आम्हीच पाडून दाखवतो. 'मुलानं आईला वृद्धाश्रमाच्या दारात सोडलं. आई म्हणाली, "उशीर झालाय, डबा खाल्लास का?"' इथं थांबलं तर ठीक. पण अलककार थांबतो कुठला! तो खाली आणखी एक ओळ घालतो: 'शेवटी आई ती आईच असते.' संपलं! दोन ओळींची गोष्ट एका ओळीनं लांबली. वाचणाऱ्याला कळलं नसेल अशी धास्ती खाऊन घातलेली ओळ, हेच खरं पाल्हाळ. ते पाचशे पानांत नसेल आणि तीन ओळींत असेल. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, तेव्हा त्यातल्या कित्येक लीळा चार-सहा ओळींत आटोपल्या. कोण आलं, स्वामी काय म्हणाले, झालं. खाली तात्पर्याची शेपटी नाही. मराठीतला हा ग्रंथ वाचूनही आपण अलकाला कालचं बाळ समजतो!

आणि एक घरगुती कानगोष्ट. आचार्य अत्र्यांना कुठलीही गोष्ट गेल्या दहा हजार वर्षांत झाली नाही, असं म्हटल्याशिवाय चैन पडत नसे, हे महाराष्ट्र जाणतो. त्यांच्याच कन्या शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला; तीन ओळी, आणि तिसऱ्या ओळीनंतर वाचकानं आपलं आपण बघावं. बापानं दहा हजार वर्षं उधळली आणि लेकीनं एक क्षण वेचला! पण अत्रे लांब बोलले म्हणून कुणी उठून गेलं नाही, कारण त्यांच्या भाषणातलं वाक्य पुढच्या वाक्याची ओढ लावत असे. लांबीवर खटला भरायचा तर आधी अत्र्यांना सोडून द्यावं लागेल.

फाट्यावर मात्र साहित्यापेक्षा पावसाची चर्चा जड. जूनमध्ये इथं एकच प्रश्न असतो: पेरावं का थांबावं? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून हवामानाचा सल्ला येतो, त्यात शब्द असतात, 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता'. 'तुरळक' वाचून गडी म्हणतो, भुरभूर येईल. चूक! हवामान खात्याच्या बोलीत तुरळक म्हणजे पाऊस थोडा असं नव्हे, पाऊस पडणारी ठिकाणं थोडी, पावभागापर्यंत. त्या पावभागात तुमचं शिवार आलं, तर तिथं मध्यम पाऊस होईल आणि शेजारच्या गावात धूळ उडेल. 'तुरळक ठिकाणी' या दोन शब्दांत एवढा हिशेब आहे. कमी शब्दांत काटेकोर बोलणं यालाच म्हणतात. फक्त त्या शब्दांचा अर्थ ज्याच्यासाठी लिहिलं त्या बांधावर पोचवायचा राहून गेला. याच सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख काय करतात? तारीख सांगतात, जिल्हे सांगतात, पाऊस येणार म्हणून सांगतात, आणि तो निरोप व्हॉट्सॲपवरून महाराष्ट्रभर फिरतो. अंदाज कुणाचा बरोबर, यावर फाट्यावर दोन तट आहेत आणि त्यात पडलो तर चहाचे पैसे आम्हालाच द्यावे लागतील. बोलण्यापुरतं बोलायचं तर शेतकऱ्याचा प्रश्न ज्याच्या उत्तरात पहिल्या ओळीत येतो, त्याचं उत्तर आधी वाचलं जातं. विद्यापीठाला शास्त्र आहे; पहिली ओळ तेवढी वर आणली की झालं.

परवा या सगळ्यावर हॉटेलात मोठीच सभा भरली. गुरुजी अंगठ्याविरुद्ध बोलत होते, पोरं पत्रिकेविरुद्ध. एवढ्यात मंठ्याकडून एसटी आली. कंडक्टरनं एक घंटी दिली, गाडी थांबली. पोरांपैकी एकानं काही न बोलता खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. गुरुजी चौथ्या मुद्द्यावर होते. मुद्दा संपवूनच उठणार, असं त्यांनी जाहीर केलं. कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या. या दोन घंट्यांचा अर्थ काय असावा, यावर आजवर कुठल्याही काका-मामांत मतभेद झालेला नाही. सगळी सभा चहा टाकून धावली. गुरुजींना चौथ्या मुद्द्यासकट दोघांनी वर ओढलं.

आत गेल्यावर पाहिलं तर रुमाल खाली पडलेला आणि त्या जागेवर एक जाडजूड पाहुणे बसलेले. मग रुमाल कुणाचा, कधी टाकला, कुणी सरकवला, कुणाचे मेव्हणे जिंतूरला डेपोत आहेत, असं जे काही सुरू झालं ते जिंतूर येईतो थांबलं नाही. त्या भांडणात दोघांच्या घरची सगळी अंडीपिल्ली बाहेर आली आणि आणखी दोन जमत आलेल्या सोयरिकी आमच्या कानावर पडल्या. त्यातल्या एकीत तर मुलाकडच्यांनी चक्क 'कळवतो' म्हटलंय. पण ते पुढच्या खेपेला.